खापरपणजोबांचं व्हायोलिन

"गाव कितीही खडूस असू दे," भाऊजी म्हणाले, "पहिल्या पाच मिनिटांत खिशात! आजवर बत्तीस गावं झाली. एक तरी निसटलं का, सांग."

मी सांगणार तेवढ्यात काचेवर पेन आपटलं. वेशीवरचा कारकून होता.

"काच पूर्ण खाली घ्या. अर्धी खाली घेतलेली आम्ही धरत नाही."

बत्तीस गावं खिशात घातलेल्या माणसानं मुकाट्यानं काच पूर्ण खाली घेतली.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. व्हायोलिन वाजवतात. पोस्टरवर त्यांचं नाव 'तंतुसम्राट' असं असतं. ही पदवी कुणी दिली ते विचारायचं नाही. पोस्टरचा मजकूर तेच लिहितात. मी त्यांचा मेहुणा. गाडी चालवतो, बॅगा उचलतो, माईक लावतो आणि पहिल्या रांगेत बसून वेळेवर "वाहवा" म्हणतो.

समुद्राकाठचं ते गाव जुनं होतं. जुनं म्हणजे इतकं, की जुनं असण्यापलीकडे त्याला दुसरं काही कामच उरलं नव्हतं. चारी बाजूंनी दगडी तट, आत शिरायला एकच वेस, वेशीत हा कारकून, त्याचं टेबल, रजिस्टर आणि मागे भिंतीएवढा बोर्ड.

"शंभर वर्षांवरची काही वस्तू आहे बरोबर?" कारकुनानं विचारलं.

"शंभर?" भाऊजी हसले आणि मांडीवरची पेटी तान्ह्या बाळासारखी वर उचलून दाखवली. "दोनशे तीस! माझ्या खापरपणजोबांचं व्हायोलिन. लिहा. जरा मोठ्या अक्षरांत लिहा."

"आमचं अक्षर एकाच मापाचं असतं. सही करा."

भाऊजींची सही तीन रकाने घेते आणि चौथ्यात शेपूट सोडते. कारकुनानं त्या शेपटाकडे असं बघितलं, जसं काही भाऊजींनी त्याच्या उशीवर पाय पुसले.

"पुढच्या माणसानं सही कुठं करायची? असो. आणायला हरकत नाही. जा आत."

बोर्डावर बारीक अक्षरांत आणखी बरंच काही लिहिलं होतं. पण मी गाडी चालवत होतो, आणि ज्यात स्वतःचं नाव नाही असं काही वाचायची भाऊजींना सवय नाही.

आता घरातली गोष्ट घरातच राहायला हवी, पण सांगतो. ते व्हायोलिन अकरा वर्षांचं होतं. कारखान्यातून पुठ्ठ्याच्या खोक्यात आलेलं, सोबत गॅरंटी कार्ड. खोकं मीच फोडलं. वरची दोनशे एकोणीस वर्षंही मीच चढवली, एका रविवारी, ताईच्या जेवणाच्या टेबलावर. आधी सँडपेपर, मग कडक चहाचे चार हात, मग बुटाचं तपकिरी पॉलिश, मग किल्लीनं ओरखडे. आतली कारखान्याची चिठ्ठी वाफ देऊन सोडवली आणि तिच्या जागी चहात बुडवून वाळवलेला कागद चिकटवला. त्यावर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून कुणालाच वाचता येणार नाही असं काहीतरी लिहिलं. तेवढ्यात ताई बाहेरून आली आणि तिनं टेबल बघितलं. अजूनही त्या टेबलाचा विषय निघाला की मी दुसऱ्या खोलीत जातो.

पण त्या रविवारपासून भाऊजींचं नशीब फिरलं. त्यांचं वाजवणं तसं बरं आहे. बरं म्हणजे, शेजारी भिंतीवर थापा मारत नाहीत इतपत. लोक यायचे ते वय बघायला. आणि वयाबरोबर भाऊजी गोष्ट सांगायचे. प्रत्येक गावात तीच: "माझ्या खापरपणजोबांना हे व्हायोलिन कुठं मिळालं ठाऊक आहे? तुमच्याच गावात!" की गाव विरघळलंच. साल कुठलं सांगायचं? हॉलमध्ये शिरताना दगडावर, पाटीवर, जिथं कुठं पहिलं दिसेल ते. खापरपणजोबांना हे व्हायोलिन बत्तीस गावांत बत्तीस वेळा मिळालं होतं, त्यात दोनदा त्यांच्या जन्माच्या आधी. टाळ्या वाजवताना कुणी वजाबाकी करत नाही.

आणि परवा राजधानीतला मोठा हॉल होता. अडीच हजार खुर्च्या! तिथलं बोलावणं यायला भाऊजींनी एकोणीस वर्षं वाट बघितली होती, आणि बोलावण्यात साफ लिहिलं होतं, 'आपल्या दोनशे तीस वर्षं जुन्या व्हायोलिनसह यावे.' पोस्टरवर वयाचा आकडा भाऊजींच्या नावापेक्षा मोठा होता. म्हणजे आमंत्रण व्हायोलिनला, भाऊजी त्याच्यासोबत आलेले. हे समुद्राकाठचं गाव वाटेत पडत होतं, म्हणून हात मोकळा करायला घेतलं, इतकंच.

उतरायची सोय एका घरात होती. घरमालकिणीनं दार उघडलं ते आम्हाला आत घ्यायला की बाहेर ठेवायला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. खोलीतल्या पलंगाला चारी बाजूंनी जाड दोरी बांधलेली होती.

"पलंग बघायचा," ती म्हणाली. "झोपायचं नाही. जुना आहे."

"आणि खुर्ची?"

"तीही बघायची."

"आरसा झाकून का ठेवलाय?" भाऊजींनी विचारलं. कार्यक्रमाआधी त्यांना अर्धा तास आरसा लागतो.

"जुना आहे. कुणाकुणाची तोंडं दाखवून खराब करायचा नाही."

"मग आम्ही झोपायचं कुठं, बाई?"

"जमीन नवीन आहे." दारातून वळताना तिनं पेटीकडे बघितलं. "वाजवणारे का तुम्ही? मागच्या वर्षी एक आला होता. बासरीवाला."

"अच्छा! मग?"

"गेला."

कार्यक्रम दुपारी चारला होता, कारण गाव सहाला बंद होतं. हॉल समुद्राला पाठ करून उभा होता, रुसल्यासारखा. दारातच छत्र्या ठेवायचा एक अवजड लोखंडी स्टँड आणि त्याच्यामागे भिंतीत पितळी पाटी. स्टँडवर छत्र्या, टोप्या, काठ्या; त्यातून पाटीची फक्त वरची ओळ दिसत होती. सन १८७४.

"अठराशे चौऱ्याहत्तर," भाऊजी पुटपुटले आणि खिशातल्या कागदावर टिपून घेतलं.

"स्टँड सरकवून पुढचं बघू का?" मी विचारलं.

"पुढचं काय बघायचंय? कुणीतरी कसलं तरी उद्घाटन केलं असेल. साल मिळालं, बास."

साठेक माणसं आली होती. सगळ्यांनी कोट अंगातच ठेवले होते आणि हाताच्या घड्या घातल्या होत्या. पहिल्या रांगेत मधोमध एक बाई ताठ बसलेल्या, हातात पांढरे सुती मोजे. गावाच्या संग्रहालयाच्या त्या प्रमुख. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथं बसायची गावात कुणाची छाती नव्हती. ती मला मिळाली.

भाऊजींनी पहिली रचना वाजवली. संपली. शांतता.

"झालं का?" तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला.

"नाही वाटतं. श्वास घेतोय."

मी "वाहवा" म्हणालो. साठ डोकी माझ्याकडे वळली. आयुष्यात मी तो शब्द इतक्या लवकर कधी गिळला नव्हता.

दुसऱ्या रचनेच्या मध्यावर हॉलचा राखणदार उठला आणि एकेक खिडकी लावत सुटला. "बाहेर बोटी आहेत," तो कुणालातरी मोठ्यानं म्हणाला, "उगाच बिथरायच्या." तिसऱ्या रचनेला एका म्हाताऱ्यानं वर्तमानपत्र उघडलं. पानं उलटायचा आवाज व्हायोलिनपेक्षा सुरात होता.

भाऊजींच्या कपाळावर घाम आला. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती, पंचेचाळीस झाली होती, आणि गाव खिशात यायचं सोडा, खिशाकडे बघतही नव्हतं. मग त्यांनी व्हायोलिन खांद्यावरून उतरवलं, तारांवर फिरवायचा गज काखेत धरला आणि तो ठेवणीतला ओला आवाज काढला.

"मंडळी, हे व्हायोलिन दोनशे तीस वर्षांचं आहे. ते माझ्या खापरपणजोबांकडे कसं आलं, ठाऊक आहे?"

वर्तमानपत्र खाली आलं.

"माझे खापरपणजोबाही माझ्यासारखेच फिरते वादक. ते आले होते... इथंच! तुमच्या गावात. याच हॉलमध्ये."

हाताच्या घड्या सुटल्या. मला हायसं वाटलं. भाऊजींना त्याहून जास्त वाटलं.

"साल होतं," ते थांबले, डोळे मिटले, "अठराशे चौऱ्याहत्तर."

कुणीतरी जोरात श्वास घेतला. बाई खुर्चीच्या टोकाला सरकल्या.

"आणि त्या संध्याकाळी, सुटलेल्या वाऱ्यात, या नाजूक लाकडाला खारी हवा लागू नये म्हणून हे व्हायोलिन कोटाखाली छातीशी घट्ट धरून ते तुमच्या बंदरातून बोटीत चढले!"

"कोटाखाली?" बाईंनी विचारलं.

"कोटाखाली!" भाऊजी म्हणाले आणि कोट उघडून, व्हायोलिन आत सारून, जरा वाकून, चार पावलं चालून दाखवलं.

साठ माणसं एकदम उभी राहिली. भाऊजींना वाटलं, मानवंदना. ते छातीवर हात ठेवून झुकले. झुकलेले असतानाच राखणदारानं दाराला अडसर घातल्याचा आवाज झाला.

"छत्र्या बाजूला करा," बाई म्हणाल्या.

चौघांनी स्टँड सरकवला. बाईंनी पाटी वाचली, न बघता. पाठच होती.

"सन अठराशे चौऱ्याहत्तर. याच हॉलमधून एका फिरत्या वादकाने गावाचे व्हायोलिन कोटाखाली लपवून पळवले. गाव विसरलेले नाही."

मी पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेत कधी गेलो ते मला आठवत नाही.

"पळवलं नाही हो," भाऊजी म्हणाले, "एका दिलदार माणसानं दिलं..."

"दिलं?" वर्तमानपत्रवाला म्हातारा ओरडला. "दिलं? माझे आजोबा त्या रिकाम्या काचपेटीवर बेचाळीस वर्षं फडकं मारत मेले! मग माझा बाप! आणि हा म्हणतो, दिलं!"

"कान बघा, कान!" राखणदार भिंतीवरचं एक चित्र काढून घेऊन आला. चोराचं चित्र, काळाकुट्ट कागद, त्यातून एक मिशी आणि एक कान दिसत होता. "तोच कान!"

"अगदी तोच!" मागून घरमालकीण म्हणाली. "म्हणून मी आरसा झाकला होता!"

भाऊजींचे कान जगातल्या सगळ्या कानांसारखे आहेत. पण त्या दुपारी मलासुद्धा साम्य वाटायला लागलं.

बाईंनी हातात मोजे चढवले, एकेक बोट सावकाश, आणि भाऊजींच्या कोटातून व्हायोलिन काढून घेतलं. मग सगळं गाव गल्ली ओलांडून संग्रहालयात. तिथं एका खोलीत फक्त एक काचपेटी होती. आत दिवा, मखमल, आणि मखमलीत व्हायोलिनच्या आकाराचा खळगा. रिकामा. तो खळगा लोक तिकीट काढून बघायला येत. बाईंनी आमचं व्हायोलिन त्यात ठेवलं. नेमकं बसलं. आता मोठ्या माणसांची व्हायोलिनं सगळी एकाच मापाची असतात, त्यात कसलं नवल! पण गाव रडलं. म्हातारा रडला, राखणदार रडला, घरमालकिणीनं भाऊजींच्याच रुमालाला नाक पुसलं. रडून झाल्यावर सगळे ताजेतवाने झाले आणि नव्या दमानं भाऊजींकडे वळले.

"लाज नाही वाटली? दीडशे वर्षं!"

"वाजवता तरी यायला हवं होतं. चोरलं ते चोरलं, वर बेसूर."

"माफी लिहून द्या. खापरपणजोबांच्या वतीनं."

भाऊजींनी माफी लिहून दिली. सही केली. शेपूट सोडायची हिंमत झाली नाही.

खोलीवर येऊन त्यांनी ताईला फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगितलं. ताईनं शांतपणे ऐकलं.

"मग खरं काय ते सांगून टाका. अकरा वर्षांचं आहे म्हणावं, आणि घेऊन या परत."

"अगं, खरं सांगितलं तर परवाचं पोस्टर! अडीच हजार माणसं! एकोणीस वर्षं वाट बघितलीय मी!"

"आणि मी अकरा वर्षं नव्या टेबलाची वाट बघतेय. तो कुठंय?"

'तो' म्हणजे मी. मी दुसऱ्या खोलीत जायला उठलो, पण दुसरी खोली नव्हती. दोरीपलीकडे पलंग होता.

त्या जमिनीवर भाऊजींनी फक्त कुशी बदलल्या. सकाळी उठले ते कमरेत वाकून, पण निर्धार करून. "सांगतो खरं," म्हणाले. "पण फक्त त्या बाईंना. एकटं गाठून. त्या गुपचूप परत देतील, गावाला दुसरं काही सांगतील. शिकलेल्या आहेत."

संग्रहालयाच्या दाराशी तीस-चाळीस माणसं आधीच रांगेत होती. आम्हाला वाट देताना प्रत्येकानं कोपर थोडंसं बाहेर ठेवलं. आत गेल्या गेल्या भाऊजींनी दार लावलं आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं. कारखाना, खोकं, गॅरंटी कार्ड, मी.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"मोजे काल घरी जाऊन हुंगले. चहा. चार हात दिलेत, बरोबर? वर बुटाचं पॉलिश. खुंट्यांपाशी घाई झालीय, आणि ओरखडे किल्लीचे आहेत, सगळे एकाच उताराचे." त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही?"

अकरा वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी लाजलो.

"पॉलिशच्या आधी राख चोळायची असते," बाई म्हणाल्या. "आणि ओरखड्यांना किल्ली नाही, साखळी. पिशवीत घालून हलवायचं. या."

मागच्या खोलीचं दार त्यांनी उघडलं. आत सहा खुर्च्या होत्या, दोन नव्याकोऱ्या, दोन अर्ध्या जुन्या आणि दोन चांगल्या तीनशे वर्षांच्या. स्टोव्हवर चहाचं मोठं पातेलं होतं. कोपऱ्यात राखेची बादली.

"तुमच्या खोलीतला पलंग इथलाच," त्या म्हणाल्या. "चार वर्षं झाली त्याला."

"आणि मी जमिनीवर झोपलो!" भाऊजी कळवळून म्हणाले. मग त्यांना मुद्दा आठवला. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे की व्हायोलिन खोटं आहे. मग द्या परत!"

"नाही."

"का?"

"बावीस वर्षं मी इथं आहे. हे गाव काल पहिल्यांदा रडलं. आता ते व्हायोलिन खरं असो नाहीतर साबणाचं असो, गावाचं आहे."

"मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगेन!"

बाईंनी खिडकीचा पडदा जरासा सरकवला. बाहेरची रांग आता पायऱ्यांवर चढली होती. म्हातारा सगळ्यांत पुढं होता आणि त्यानं वर्तमानपत्राची घट्ट सुरळी केली होती.

"जा, सांगा," त्या म्हणाल्या.

"मग राजधानीत सांगेन!"

"काय सांगाल? की तुमचं व्हायोलिन अकरा वर्षांचं होतं?"

भाऊजी बसले. बसायची मनाई असलेल्या खुर्चीवर बसले, म्हणजे बघा.

"उद्या माझा कार्यक्रम आहे हो," ते शेवटी म्हणाले. आवाजात सम्राट वगैरे काही नव्हतं. "मोठा हॉल आहे. व्हायोलिन जुनं नसेल तर ते मला दारातही उभं करणार नाहीत."

बाईंना दया आली असं मी म्हणणार नाही. पण त्या उठल्या, कपाट उघडलं आणि एक पेटी काढली. गावातल्या शाळेचं व्हायोलिन, गाजराच्या रंगाचं, चकचकीत. संगीताच्या मास्तरांशी गावाचं पटलं नाही, तेव्हापासून इथं पडून होतं.

"हे न्या आणि गप्प बसा. हवं तसं म्हातारं करून घ्या. सामान समोर आहे."

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता, मी खोटं का बोलू? बाई सांगत होत्या, मी करत होतो. राख, चहा, पुन्हा राख, पॉलिश, साखळी. खुंट्यांपाशी घाई केली नाही. तीन वाजेपर्यंत असं व्हायोलिन झालं की पहिलं त्याच्यापुढं नातवंड वाटावं. भाऊजींनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सम्राट परत आला.

आणि परत आला तो मोकळ्या हातानं जाईना.

"बाई, एक दाखला मिळेल का?"

"कसला?"

"वयाचा. तुमच्या संग्रहालयाचा. शिक्का मारून. म्हणजे उद्या कुणी शंका घेतली तर तोंडावर फेकता येईल."

बाईंनी भाऊजींकडे बघितलं. मग दोन दिवसांत पहिल्यांदाच हसल्या.

"तुम्ही मागताय म्हणून देते. मी देत नव्हते, लक्षात ठेवा."

'सदर व्हायोलिन तपासले असता ते दोनशे तीस वर्षे जुने व अस्सल असल्याचे आढळले.' खाली सही, गोल शिक्का. भाऊजींनी तो दाखला तीनदा वाचला. वर त्यांचं नाव होतं.

चार वाजता आम्ही वेशीवर. भाऊजी मागच्या सीटवर पाय पसरून बसले होते, पेटी मांडीवर, दाखला हातात. "बघितलंस?" म्हणाले. "तेहेतिसावं गाव. जरा वेळ लागला, पण खिशात! उलट आता तर कागद आहे आपल्याकडे."

कारकुनानं काचेवर पेन आपटलं. भाऊजींनी काच पहिल्याच फटक्यात पूर्ण खाली घेतली.

"शंभर वर्षांवरची काही वस्तू?"

मी आरशातून त्यांच्याकडे बघितलं, डोळे वटारले, खोकलो. पण तोंडाला अकरा वर्षांची सवय होती.

"दोनशे तीस! आणि आज दाखल्यासकट!"

कारकुनानं दाखला घेतला, वाचला, उजेडात धरला. "वहिनींची सही आहे."

"वहिनी?" मी विचारलं.

"आमच्या थोरल्या भावाच्या मिसेस. वहिनींनी जुनं म्हटलं म्हणजे जुनं." मग त्यानं मागच्या बोर्डावर पेन टेकवलं, बारीक अक्षरांवर. "मुद्दा चार. शंभर वर्षांवरची वस्तू गावात आणता येते. गावातून नेता येत नाही. पेटी खाली ठेवा."

भाऊजींनी पेटीला मिठी मारली. "अहो, काल तुम्हीच म्हणालात, हरकत नाही!"

"आणायला नाही. नेण्याचं तुम्ही विचारलं नाहीत."

"मग... नवीन आहे ते! अगदी नवीन! शाळेच्या कपाटातलं!"

"म्हणजे वहिनींनी खोटा दाखला दिला?" कारकुनाचा आवाज चढला. आमच्यामागे चार गाड्या थांबल्या होत्या. त्यातली माणसं उतरली. "काल चोराचा वंशज म्हणून माफी लिहून दिलीत. आज दुसरी वस्तू पळवताय, आणि वर आमच्या वहिनींना खोटं ठरवताय?"

मी माझी तपकिरी बोटं त्याच्या नाकापुढं धरली. "साहेब, हे बघा. चहा आहे. मी स्वतः केलंय हे, आज सकाळी."

त्यानं हुंगलं. "दुपारी चारला सगळ्यांच्याच हाताला चहाचा वास येतो."

तेव्हा भाऊजींचा बांध फुटला. एकोणीस वर्षं वाट बघितलेला हॉल त्यांच्या डोळ्यांसमोरून चालला होता. ते गाडीतून उतरले आणि भर वेशीत, सगळ्यांसमोर, माईक न लावता ओरडले, "ऐका सगळ्यांनी! खोटं आहे! हेही खोटं आणि कालचंही खोटं! खापरपणजोबा कधी गावाबाहेर पडले नव्हते, ते कापड विकायचे! व्हायोलिन अकरा वर्षांचं आहे, आणि हे अजून ओलं आहे!"

आयुष्यभरात चारचौघांत ते पहिल्यांदाच खरं बोलले होते, आणि आवाजही छान लागला होता.

"मुद्दा सात," कारकून म्हणाला आणि पेन तीन ओळी खाली सरकवलं. "वस्तू नवीन असल्याची सबब ऐकून घेतली जाणार नाही."

पेटी टेबलावर गेली. कारकुनानं ती उघडली, व्हायोलिन बाहेर काढलं, रजिस्टरमध्ये लिहिलं आणि मागच्या गाडीतून उतरलेल्या राखणदाराकरवी संग्रहालयाकडे धाडून दिलं. बाईंना आता आणखी एक खळगा कापावा लागणार होता, पण माप त्यांच्याकडे होतंच. मग त्यानं पेटीतला गज उचलला, दाखल्याशी ताडून बघितला.

"दाखल्यात गज नाही. गज न्या."

भाऊजींनी गज घेतला. उद्या अडीच हजार माणसांपुढं निदान हातात काहीतरी असेल, असं काहीसं ते पुटपुटले. गज त्यांनी मागच्या सीटवर ठेवला आणि बाहेर जात असल्याची सही करायला टेबलापाशी गेले. सही एकाच रकान्यात मावली. कारकुनानं मान डोलावली.

भाऊजी परत आले, मागचं दार उघडलं आणि मटकन बसले. गज सीटवरच होता.